प्रशिक्षकाचे नाव

मागच्या आठवड्यात शाळेच्या ऑफिसात नववीतली एक मुलगी तालुका स्पर्धेचा फॉर्म भरत बसली होती. नाव, जन्मतारीख, शाळेचा शिक्का कुठे येणार, सगळं नीट विचारून विचारून. खेळप्रकाराच्या पुढे तिने '४०० मी. हर्डल्स' लिहिलं आणि पेन थांबवलं. "मॅडम, प्रशिक्षकाचं नाव कुणाचं टाकू?"

रकाना एका ओळीचा. मी म्हटलं, "तेवढा आत्ता रिकामा ठेव. बाकीचं भर."

तिला वाटलं असेल की मॅडम दुसऱ्या कामात आहेत. मी खरं तर खिडकीतून मैदानाकडे बघत होते. असाच फॉर्म २००९ ते २०१२ या तीन वर्षांत मी स्वतः कितीतरी वेळा भरला, आणि दर वेळी त्या ओळीत आमच्या कॉलेजच्या सरांचं नाव लिहिलं. ते बरोबरच होतं. पण ते पुरेसं नव्हतं, हे कळायला मला स्वतः क्रीडाशिक्षक व्हावं लागलं. बरेच दिवस मनात आहे, म्हणून आज लिहून काढते.

आमचं कॉलेज माणदेशातलं. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, कला-वाणिज्य-विज्ञान, पोरं बहुतेक एसटीने येणारी. पाऊस आमच्याकडे असून नसल्यासारखा, त्यामुळे मैदान वर्षातले आठ महिने दगडासारखं टणक असायचं. मोठ्या विद्यापीठांच्या ॲथलेटिक्स संघांना वेगाच्या शर्यतींचा कोच वेगळा, उड्यांचा वेगळा, फेकीचा वेगळा आणि लांब पल्ल्याचा वेगळा असतो. वर एक मुख्य कोच, शिवाय फिजिओ. अमेरिकेतल्या कॉलेजांत तर ही नेहमीची रीत आहे. आमच्या कॉलेजात खेळासाठी मंजूर पद एकच होतं, शारीरिक शिक्षण संचालक. कबड्डी, खो-खो, कुस्ती, व्हॉलीबॉल, क्रॉसकंट्री, बुद्धिबळ आणि आम्ही ॲथलेटिक्सवाले, सगळ्यांना मिळून ते एक सर.

सर मूळचे कबड्डीचे, कोपऱ्यात उभं राहून घोट्याची पकड करणारे. एम.पी.एड. होते, पण पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंग डिप्लोमा त्यांच्याकडे नव्हता आणि ॲथलेटिक्स त्यांनी स्वतः कधी स्पर्धेत केलं नव्हतं. हे ते पहिल्याच दिवशी सांगायचे. "मला येतंय तेवढं शिकवीन, येत नाही ते विचारून येईन." आणि खरंच विचारून यायचे. माझ्या वर्गातली एक मुलगी भाला टाकायची. सरांनी शिकवलेल्या पद्धतीने तिचा कोपर दुखायला लागला. दोन आठवड्यांनी सरांनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "बाळ, माझंच चुकतंय, हात खाली राहतोय तुझा आणि तो का राहतोय ते मला दिसत नाही." पुढच्या रविवारी तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन ते साताऱ्याला एका एनआयएस कोचकडे गेले. एसटीचं तिकीट, दुपारचं जेवण, सगळं सरांच्या खिशातून. परत आल्यावर त्या कोचनी सांगितलेलं सगळं त्यांनी वहीत उतरवून आणलं होतं, भाल्याच्या कोनाच्या आकृत्यांसकट. नंतर मी अनेक कोच पाहिले, त्यांतले काही नावाजलेले. आपलं चुकतंय हे खेळाडूसमोर म्हणणारे फार थोडे भेटले.

त्या भाल्याची एक आठवण सांगायलाच हवी. मुलींचा भाला वजनाने ६०० ग्रॅमच, पण लांबीला सव्वादोन मीटर. झोनल स्पर्धेला जाताना तो एसटीत न्यायचा कसा? सर तो गोणपाटात गुंडाळायचे, दोन्ही टोकांना चिंध्यांचे गोळे बांधायचे आणि मधल्या वाटेत, सीटांच्या पायाशी आडवा ठेवायचे. मग आख्खा प्रवास स्वतः त्या टोकाशी उभे. कुणाचा पाय लागू नये म्हणून. आणि भाल्याला काही होऊ नये म्हणूनही, कारण जिमखान्यात भाला तो एकच होता.

सकाळी सहाला मैदानावर आम्ही बाराजणी-पंधराजण असायचो आणि आमच्या दुप्पट भरतीची मुलं. पोलीस भरतीला धावणं आणि गोळाफेक असायची. त्यांतली निम्मी आमच्या कॉलेजची नव्हतीच. सर त्यांचीही वेळ घ्यायचे. एकदा मी जरा रागानेच विचारलं होतं की सर, आपला वेळ त्यांच्यात जातो. सर म्हणाले, "त्या पोराच्या घरी पहिला पगार येणार आहे. तुझ्या मेडलाएवढंच ते मोठं आहे." मी गप्प बसले.

आता मामांबद्दल. यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

मामा जिमखान्याचे शिपाई. कागदावर त्यांचं काम खोली उघडणं, बंद करणं, सामान मोजून देणं-घेणं. प्रत्यक्षात मैदान त्यांचं होतं. ट्रॅक आखायचा तो मामांनी, आणि आमच्या भागात त्यांच्यासारखा ट्रॅक आखणारा माणूस नव्हता, हे दुसऱ्या कॉलेजांचे सर त्यांना बोलवायला यायचे यावरून कळायचं. मैदानाच्या दोन टोकांना त्यांनी लोखंडी खुंटे पुरले होते, एकमेकांपासून ८४.३९ मीटरवर. ते दोन वळणांचे मध्यबिंदू. खुंट्याला तार अडकवायची, ३६.५० मीटरवर धरायची आणि अर्धवर्तुळ फिरत जायचं. मागून एकजण फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पावडर, टाकत यायचा. आतल्या कडेला मामांनी विटा उभ्या पुरून कठडा केला होता. धावणारा अगदी कडेला चिकटून धावत नाही, कठड्यापासून ३० सेंटिमीटर बाहेरून धावतो असं धरतात. म्हणजे खरी त्रिज्या ३६.८०. त्या दोन अर्धवर्तुळांत दोन सरळ बाजू मिळवल्या की बरोबर ४०० होतात. मामा सातवी शिकलेले. हा हिशोब त्यांना सरांनी एकदा समजावला होता आणि मग दर वर्षी नव्या पोरांना मामा समजावत.

आमच्या मैदानात लेन सहाच बसायच्या, प्रत्येकी १.२२ मीटरची. बाहेरच्या लेनला वळण मोठं, म्हणून तिथली मुलगी पुढे उभी राहते. दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर, तिसरीला १४.७०, चौथीला २२.३७, पाचवीला ३०.०३, सहावीला ३७.७०. हे आकडे मला अजून पाठ आहेत, पाढ्यासारखे. मामांकडे प्रत्येक लेनची वेगळी तार होती, टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेली. एकदा आमच्यातल्या एकाने घाईत सुताची दोरी लावून मोजलं. मामांनी फक्की पुसून टाकली आणि सगळं पुन्हा करायला लावलं. "दोरी ओली झाली की आखडती, ताणली की लांबती. दोरी खोटं बोलती पोरा, तार न्हाय बोलत."

मी ४०० मीटर हर्डल्स धावायचे. दहा अडथळे, मुलींना उंची ७६.२ सेंटिमीटर. पहिल्यापर्यंत ४५ मीटर, मग दर ३५ मीटरला एक, शेवटच्या अडथळ्यानंतर ४० मीटर. या शर्यतीत जोर तर लागतोच, पण त्याहून जास्त मोजणी लागते. दोन अडथळ्यांमध्ये किती पावलं टाकता यावर सगळं उभं असतं. माझी सतरा पडायची. विषम पावलं पडली की दर वेळी तोच पाय पुढे येतो, माझा डावा. पाचव्या अडथळ्यापर्यंत सगळं छान, आणि सहाव्याला मी अडखळायचे. दर वेळी. सर स्टॉपवॉच घेऊन उभे असायचे, पण नक्की काय होतंय ते त्यांना दिसत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. आजच्यासारखा मोबाइलवर व्हिडिओ काढून हळू करून बघायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती.

मामांनी काय केलं, तर एका सकाळी आम्ही यायच्या आधी माझी आख्खी लेन खराट्याने झाडून ठेवली. आमच्या मातीवर बारीक धुरळा असतो, झाडला की तो पाटीसारखा साफ होतो. मी धावले. धावून झाल्यावर मामा वाकून, हातात फक्कीचा डबा घेऊन, माझ्या पावलांच्या मागे मागे गेले. प्रत्येक ठशाभोवती चिमूटभर फक्की. मोठ्याने मोजत. मग सरांना हाक मारली.

पाचव्यापर्यंत सतरा. पाचव्या ते सहाव्यात एकोणीस, आणि एकोणिसावं पाऊल अडथळ्याला नुसतं चिकटलेलं. बाकीच्या ठिकाणी मी साधारण दोन मीटर अलीकडून उडी घेत होते, इथे जेमतेम सव्वा मीटरवरून. दमल्यामुळे पाऊल आखूड होत होतं, सतरात अंतर पुरत नव्हतं, अठरावं पाऊल टाकलं की उजवा पाय पुढे यायचा आणि उजव्या पायाने मला अडथळा ओलांडताच यायचा नाही. म्हणून शेवटच्या क्षणी पाय तोडून, थांबून, पुन्हा डावा. एका अडथळ्याला निम्मा सेकंद तरी जात होता, आणि असे पाच अडथळे.

सर त्या ठशांकडे कितीतरी वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे उजवा पाय शिकायचा." पुढचे दोन महिने मी सगळं उजव्या पायाने केलं. अडथळ्यावरून चालत जाणं, जिमखान्यातल्या बाकावरून पाय फिरवणं, हॉस्टेलचा उंबरा ओलांडणं. मामा दर शनिवारी लेन झाडायचे आणि मोजायचे. सरांच्या वहीत माझ्या नावाचं जे पान होतं त्यात वेळेच्या शेजारी 'मामा: १७-१७-१७-१७-१८-१८' अशा ओळी आहेत. ती वही मी पाहिली आहे. पहिल्या वर्षी झोनलला माझी वेळ ७१.८ होती. दुसऱ्या वर्षी आंतरविभागीय स्पर्धेत ६६.९, दुसरा नंबर. त्या पाच सेकंदांतले निदान दोन तरी खराट्याचे आहेत असं मी मानते.

त्याच वर्षी मी पडले, तेही सांगायला हवं. आमची हर्डल्स गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप जोडून केलेली. वजनाने जड, पण उंची बरोबर. हर्डलचे पाय धावणारी ज्या बाजूने येते त्या बाजूला असावे लागतात, म्हणजे गुडघा लागला तर ते पुढे कलंडतं. उलटं ठेवलं तर ते कलंडत नाही, भिंतीसारखं उभं राहतं. एका ज्युनिअरने अंधारात घाईने तिसरं हर्डल उलटं मांडलं. डाव्या गुडघ्यावर सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानावर सगळ्यांना गोळा केलं आणि मला वाटलं आता त्या पोराचं काही खरं नाही. सर म्हणाले, "मी तपासलं नाही, म्हणून ती पडली. चूक माझी." तेवढंच. संध्याकाळी ते आणि मामा लाल रंगाचा डबा घेऊन प्रत्येक हर्डलच्या पायावर बाण काढत बसले होते. आज माझ्या शाळेतल्या हर्डल्सवरही तो बाण आहे.

दादा फौजेत होते. आमच्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी, ८०० मीटर धावायचे, तिथूनच भरती झाले आणि युनिटच्या संघातून धावले. सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, तेव्हा सुट्टीवर आलेला जवान मैदानावर दिसणं आमच्यासाठी नवं नव्हतं. पण बाकीचे येऊन दोन फेऱ्या मारून जायचे. दादा दोन महिन्यांच्या सुट्टीतले चाळीस दिवस आम्हाला द्यायचे. घरी बायको, लहान मूल, शेताची कामं, आणि हा माणूस सकाळी सहाला शिट्टी घेऊन हजर. वॉर्मअप म्हणजे नुसत्या दोन फेऱ्या नव्हेत, गुडघा उचलायची, टाच मारायची, उसळी घ्यायची ड्रिल असतात, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. रिलेचा बॅटन त्यांनी पाण्याच्या पाइपचा तुकडा कापून केला होता. मागे न बघता बॅटन घ्यायचा, हे चौघींना एका रांगेत हळू पळवत, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, शेकडो वेळा करून घेतलं. "हात मागे आला की तो तिथंच राहिला पायजे. बंदुकीगत." सुट्टी संपवून ते परत गेले की मैदान आठवडाभर सुनं वाटायचं. त्यांना याचा एक पैसाही कुणी दिला नाही, आणि दिला असता तर त्यांनी घेतला असता असं मला वाटत नाही.

चौथ्या होत्या मॅडम. रसायनशास्त्राच्या. खेळाशी त्यांचा संबंध शून्य. मुलींचा संघ बाहेर जायचा तर सोबत लेडी मॅनेजर लागते, आणि प्राचार्यांनी त्यांचं नाव घातलं म्हणून त्या आल्या. पहिल्या सहलीला त्या गाडीत पेपर तपासत बसल्या होत्या. मुक्कामाच्या हॉलमध्ये आम्ही सतरंज्यांवर आडव्या झालो तेव्हा मात्र त्यांनी वही मिटली आणि एकेकीकडे बघत राहिल्या. माझी नखं हातात घेतली, खालची पापणी ओढून बघितली. "जिना चढताना दम लागतो?" मी म्हटलं, "मॅडम, मी धावते, दम तर लागणारच." "जिना चढताना विचारतेय."

परत आल्यावर त्यांनी आम्हा नऊही मुलींचं रक्त तपासून आणलं. माझं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बायकांचं बारा तरी असावं लागतं. नऊपैकी सहाजणी दहाच्या खाली. सर तो कागद बघून खालीच बसले. आम्ही कमी पडतो, मेहनत करत नाही असं त्यांना काही वेळा वाटलं होतं, ते त्यांनी नंतर मॅडमना बोलून दाखवलं. रक्तातलं लोहच कमी असेल तर प्राणवायू वाहून नेणार कोण, हे मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं, अगदी रसायनशास्त्राच्या तासासारखं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्या कशा घ्यायच्या ते मॅडमनी शिकवलं. चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. लोखंडी कढईत भाजी करा. मग त्या आमच्या घरी आल्या. माझ्या आईशी चुलीपुढे बसून पाळीबद्दल बोलल्या, किती दिवस, किती जास्त. आई हे माझ्याशीसुद्धा कधी बोलली नव्हती. आणि वडिलांना म्हणाल्या, "दादा, हिला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवू नका." वडील मान खाली घालून बसले. त्या दिवसापासून माझं ताट वडिलांच्या ताटाबरोबर वाढलं जायला लागलं. धाकट्या बहिणीचंही.

तीन महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ११.४ झालं. शेवटच्या दोनशे मीटरला डोळ्यांपुढे जी अंधारी यायची ती थांबली. ६६.९ मध्ये मॅडमचा वाटा किती, हे सेकंदांत सांगता येणार नाही.

जिमखान्याच्या दाराच्या आतल्या बाजूला सरांनी खडूने एक आकडा लिहिलेला असायचा. ५५.४२. पी. टी. उषा, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, १९८४, ४०० मीटर हर्डल्सची फायनल, चौथा क्रमांक. पदक एक शतांश सेकंदाने हुकलं. पुसट झाला की सर तो पुन्हा गिरवायचे. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा मिळालेल्या तिघांत उषाचे कोच नंबियार होते, आणि त्याच यादीत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, हे सर कौतुकाने सांगायचे. नंबियार आधी हवाई दलात होते, हे कळल्यावर आमचे दादा खूश झाले होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत विद्या रामराज त्याच शर्यतीच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, बरोबर ५५.४२ धावली, ३९ वर्षांनी. मी टीव्हीसमोरून उठले आणि सरांना फोन लावला. ते आधीच बघत बसले होते. आम्ही दोघंही फार बोललो नाही.

आणखी एक संध्याकाळ आठवते, २०१६ ची १५ ऑगस्ट. रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल, आणि त्यात आमच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर. हीटमध्ये ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून त्या फायनलला आल्या होत्या. २८ अडथळे, सात पाण्याच्या उड्या. फायनलला दहाव्या आल्या, आणि आमच्याकडे पेढे वाटले गेले. त्या वेळी त्यांचे कोच म्हणून राष्ट्रीय शिबिरातले बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव यांचं नाव आलं, आणि ते यायलाच हवं होतं. त्यांनी भारतीय धावपटूंसाठी फार केलं आणि २०२१ मध्ये पतियाळातच त्यांचा अंत झाला. पण टीव्ही बघताना मला सारखं वाटत होतं की माणच्या त्या टणक मातीत कुणीतरी फक्की टाकली असेल, कुणीतरी पहिल्यांदा घड्याळ लावलं असेल. ती माणसं आज कुठे बसून बघत असतील?

माझं स्वतःचं धावणं अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या हीटमध्ये संपलं, सहावी आले. पहिल्यांदाच सिंथेटिक ट्रॅकवर धावले. आमच्या मातीवर अडीच वर्षं धावलेल्या पायांना तो ट्रॅक उचलून पुढे टाकतोय असं वाटत होतं, आणि त्यामुळे माझी सगळी पावलं चुकली. सतराच्या जागी अडथळा आधीच समोर यायचा. सरांना हे माहीत होतं. आदल्या दिवशी सरावाला ट्रॅक मिळावा म्हणून ते दोन तास रांगेत उभे होते, पण वेळ मिळाली ती वीस मिनिटं. परतीच्या गाडीत त्यांनी वहीत तेवढंच लिहिलं: 'सिंथेटिकवर आधी चार दिवस हवेत.' त्यानंतरच्या वर्षापासून ते मुलांना स्पर्धेआधी पुण्याला बालेवाडीला न्यायला लागले. ती सोय माझ्या मागच्या पोरांना मिळाली.

सर २०१९ मध्ये निवृत्त झाले. त्यांची जागा अजून भरलेली नाही. आता तिथे एक तरुण आहे, तासिका तत्त्वावर. सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालेला, स्वतः तिहेरी उडी मारलेला, म्हणजे सरांना जे येत नव्हतं तेही त्याला येतं. पण तो दोन कॉलेजांत विभागलेला आहे, आणि सकाळी सहा ते आठ मैदानावर उभं राहण्याला कुणी 'तास' म्हणून मोजत नाही. तरी तो येतो. किती वर्षं येईल? त्याचं लग्न ठरलंय, मुलीकडचे विचारतात कायम कधी होणार. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. आम्हाला जे चौघं मिळाले ते योगायोगाने मिळाले, आणि त्यांतलं जे एक पद कागदावर होतं तेवढं तरी राखता यायला हवं होतं. मामांच्या जागीही कुणी नाही. खुंटे आहेत, पण गवतात.

परवा रविवारी मी मामांना फोन केला. शाळेच्या मैदानावर तालुक्याची स्पर्धा आहे, ट्रॅक आखायचाय, तुमची तार देता का म्हटलं. "तार देतो आणि मी बी येतो," म्हणाले. सत्तरी उलटलीय. पहिल्या एसटीने आले, पिशवीत तारांची भेंडोळी, रंगीत दोरे अजून तसेच, फक्त लाल आता गुलाबी झालाय. खुर्ची दिली तर बसले नाहीत. दुपारपर्यंत चार लेन आखून झाल्या.

मग त्यांनी विचारलं, "हर्डलची पोर कोणती?"

नववीतली ती मुलगी पुढे आली. मामांनी खराटा मागवला. मी झाडते म्हटलं तर नको म्हणाले, स्वतःच झाडलं, सावकाश, पहिल्या हर्डलपासून पाचव्यापर्यंत. ती धावली. मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि डबा घेऊन तिच्या ठशांमागून निघाले. आवाज पूर्वीसारखाच मोठा. "सतरा... अठरा... एकोणीस." दुसऱ्या हर्डलपाशी सरळ झाले. "एकोणीस हाय हिची. बरी हाय. फकस्त शेवटलं पाऊल लई लांब टाकती, झेप घेती. ते बघ."

मी बघितलं. खरंच होतं. आणि महिनाभर मी ते पाहिलं नव्हतं.

ती मुलगी कमरेवर हात ठेवून धापा टाकत आपल्याच पावलांभोवतीच्या पांढऱ्या गोलांकडे बघत होती. मग पळत ऑफिसात गेली आणि फॉर्म आणि पेन घेऊन परत आली.

"मामा," ती म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव काय?"

तीन वर्षं मी त्यांच्या मैदानावर धावले. मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.